तहान लागण्यापूर्वी

मडगावहून कोकण रेल्वेने गुजरातकडे जाणारी गाडी भरूचपाशी नर्मदा ओलांडते आणि बडोदे गाठण्यापूर्वी मियागाम-करजण हे स्थानक मागे टाकते. आमच्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांचे लक्ष तेथे जात असेल. पण या लहानशा स्थानकाला इतिहास आहे. खंडेराव गायकवाडांच्या अमदानीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा अडीच फुटी रूळमार्ग घातला गेला आणि आरंभी त्यावरील गाड्या बैल ओढीत असत. हिंदुस्थानातील पहिला अरुंद मार्ग तो हाच. पुढे सयाजीराव महाराजांच्या दीर्घ कारकिर्दीत बडोद्याच्या दरबारात, कचेऱ्यांत, शाळांत आणि रेल्वेत देशावरची व कोकणातली कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त गेली आणि तिकडचीच झाली. करजणसारख्या तालुक्याच्या गावी वहिवाटदाराच्या कचेरीतला मराठी कारकून हे त्या काळातले नेहमीचे दृश्य होते.

आज या गावाची आठवण आम्हांला होते ती सरकारी नोकराच्या निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने. १९४० च्या सुमारास करजणच्या कचेरीत चिकटलेला एखादा तरुण कारकून डोळ्यांसमोर आणावा. तो नोकरीला लागला गायकवाड सरकारच्या. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो मुंबई सरकारचा नोकर झाला. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मोडले आणि त्याच खुर्चीवर बसून तो गुजरात सरकारचा नोकर झाला. निवृत्त होईपर्यंत त्याने तीन धनी पाहिले. गाव तेच, कचेरी तीच, काम तेच. पण पगाराच्या श्रेणी बदलल्या, नियमांची पुस्तके बदलली, शिक्के बदलले. या सर्व उलथापालथीत त्याची पहिल्या दिवसापासूनची नोकरी सलग आहे हे सांगणारी वस्तू एकच होती, आणि ती म्हणजे त्याचे सेवापुस्तक. त्यातले एक पान हरवले असते, विलीनीकरणाच्या वेळची एक नोंद राहून गेली असती, तर ती चूक म्हातारपणी दरमहा त्याच्या ताटात दिसली असती.

गोमंतकीय वाचकाला हे चित्र परके वाटू नये. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत लागलेले नोकर मुक्तीनंतर भारत सरकारच्या सेवेत आले. त्यांच्या सेवेचे काय करायचे हे ठरवण्यासाठी १९६५ साली संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. नंतर ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, दमण व दीव वेगळे राहिले आणि पुन्हा एकदा नोकरांची वाटणी आली. तेव्हा करजणच्या कारकुनाची कथा ही काही अंशी आपलीही कथा आहे. राज्ये येतात नि जातात. नोकराचे तीस-पस्तीस वर्षांचे श्रम कागदावर नीट उतरले असतील तरच नवे राज्य ते ओळखते.

करजणच्या रेल्वेनोकरांच्या वाट्याला याहून कठीण परीक्षा आली. गायकवाडांची रेल्वे विलीनीकरणाबरोबर बी. बी. अँड सी. आय. मध्ये आणि १९५१ साली पश्चिम रेल्वेत मिळाली. त्या काळी रेल्वेच्या बहुतेक नोकरांना पेन्शन नव्हती. प्रॉव्हिडंट फंड होता. नोकराने काही भरायचे, सरकारने काही घालायचे आणि अखेरच्या दिवशी एक मोठी रक्कम हाती घेऊन घरी जायचे. १९५७ च्या नोव्हेंबरात रेल्वेत पेन्शनची योजना आली आणि सेवेत असलेल्यांना विचारण्यात आले, फंड हवा की पेन्शन? पुष्कळांनी फंडच पत्करला. रक्कम एकगठ्ठा, डोळ्यांना दिसणारी. पेन्शन मात्र दरमहाची आणि त्या दिवसांत तुटपुंजी. शिवाय आयुष्य किती उरले आहे हे कोणाला ठाऊक? त्यांचा हिशेब त्या दिवसापुरता चुकीचा नव्हता. पण पुढच्या काळात महागाई वाढली, पेन्शनवर महागाईची भर पडू लागली, वेतन आयोगागणिक पेन्शन सुधारत गेली, आणि फंड घेतलेल्यांची रक्कम मुलींची लग्ने व घरदुरुस्ती यांत केव्हाच संपली. पर्याय बदलण्याची संधी रेल्वेने एकदा नव्हे, अनेकदा दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते अखेर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० साली कृष्णकुमार खटल्यात घटनापीठाने निकाल दिला, की फंड घेणारे आणि पेन्शन घेणारे हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि एकदा पत्करलेला पर्याय आता उलटविता येणार नाही. एका अर्जावरील एका सहीने त्यांचे उभे म्हातारपण ठरून गेले.

हा निकाल अधिक बोचण्याचे कारण असे, की त्याच न्यायालयाने आठ वर्षांपूर्वी पेन्शनरांच्या बाजूने एक थोर निर्णय दिला होता. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नाकरा खटल्याचा निकाल दिला, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. ३१ मार्च १९७९ नंतर निवृत्त होणाऱ्यांना सुधारित सूत्र आणि त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनेच, हा भेद न्यायालयाने रद्द केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेन्शन ही सरकारने मेहेरबानी म्हणून दिलेली बक्षिसी नव्हे, केलेल्या कामाचा तो मागाहून मिळणारा मोबदला आहे, हे तत्त्व त्याने निःसंदिग्धपणे सांगितले. सरकारी नोकर आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यासाठीच. त्यानंतर लवकरच केरळातील एका खटल्यात न्यायालयाने असेही बजावले, की निवृत्तीनंतरची देणी देण्यास सरकारने विनाकारण उशीर केला तर त्यावर व्याज द्यावे लागेल.

हक्क असा प्रस्थापित झाला. पण पुढे सरकारने हक्काची जातच बदलून टाकली. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून, गुजरातेत १ एप्रिल २००५ पासून, गोव्यात त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्या नोकरांना जुनी पेन्शन बंद झाली. आज करजणच्या एकाच आळीत राहणारे तीन शेजारी घ्या. एक रेल्वेत २००३ साली लागला, दुसरा २००५ च्या मार्चमध्ये महसुलात, तिसरा २००५ च्या जुलैत शाळेत. तिघांचे काम तोलामोलाचे, पगारही जवळपास सारखा. पण पहिल्या दोघांना अखेरच्या वेतनाची निम्मी पेन्शन, वर महागाईची भर आणि मागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन निश्चित आहे. तिसऱ्याच्या नशिबी बाजारात गुंतवलेला निधी आहे. गुजरातेत पहिली पाच वर्षे ठरावीक मानधनावर राबवून घेण्याची पद्धत असल्याने गुंता आणखी वाढला होता. २००५ पूर्वी अशा मानधनावर लागलेल्यांना जुनी पेन्शन देण्याचे तेथील मंत्रिमंडळाने ठरविले ते २०२४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनी!

नव्या पद्धतीचा अर्थ पुष्कळ नोकरांना अजूनही नीट उमगलेला नाही, म्हणून तो थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. राष्ट्रीय पेन्शन योजनेत नोकर मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के भरतो; केंद्र सरकार २०१९ पासून चौदा टक्के घालते. निवृत्तीच्या दिवशी साठलेल्या निधीपैकी साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती घेता येते आणि किमान चाळीस टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावी लागते. समजा, निधी पन्नास लाखांचा झाला. त्यातले वीस लाख वार्षिकीत गेले आणि तिचा दर सहा टक्के मिळाला, तर वर्षाचे एक लाख वीस हजार, म्हणजे महिन्याचे दहा हजार रुपये होतात. हे दहा हजार आज जेवढे आहेत तेवढेच वीस वर्षांनीही राहणार, कारण त्यावर महागाईची भर नाही. उरलेले तीस लाख जपणे व वाढवणे हे त्या वृद्धाचे काम. जन्मभर फायलींवर शेरे मारणाऱ्या कारकुनाने साठाव्या वर्षी सावकारी शिकावी, अशीच ही अपेक्षा आहे.

याविरुद्ध असंतोष उसळला तो अकारण नव्हे. २०२२-२३ मध्ये राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, हिमाचल या राज्यांनी जुन्या पेन्शनकडे वळण्याचे निर्णय घेतले. महाराष्ट्रात १४ मार्च २०२३ पासून सरकारी नोकरांनी आठवडाभर संप केला. अखेर १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली. तिच्यात पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आहे, दहा वर्षांच्या सेवेला किमान दहा हजारांची हमी आहे, महागाईची भर आहे आणि पश्चात पती वा पत्नीला साठ टक्के आहेत. पण येथेही पुन्हा तोच प्रश्न, हे हवे की ते? पर्याय देण्याची मुदत आधी ३० जून, मग ३० सप्टेंबर, मग ३० नोव्हेंबर २०२५ अशी वाढत गेली, तरीही पात्र नोकरांपैकी फारच थोड्यांनी नवा पर्याय घेतला. काहींनी हिशेब करून नाकारला असेल, तर ते योग्यच झाले. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला या योजनेत नियत वयापर्यंत पेन्शनची वाट पाहावी लागते, हे खरेच आहे. परंतु कितीजणांनी कागद वाचला, आणि कितीजणांनी ‘बघू पुढे’ म्हणून खणात टाकला? १९५७ साली करजणच्या रेल्वेनोकरापुढे जो अर्ज आला होता, त्याचाच हा नातू आहे.

सरकारची बाजू आम्ही नाकारीत नाही. वेतन, पेन्शन आणि कर्जावरील व्याज यांत राज्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जातो आणि रस्ते, पाणी, दवाखाने यांना उरलेल्यात भागवावे लागते. मच्छीमाराला, कुळाला, गवंड्याला कोणतेच निवृत्तिवेतन नसताना सरकारी नोकराने सर्वच्या सर्व मागावे काय, असा प्रश्न एखाद्या रापणकाराने विचारला तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. पण त्याचे उत्तर सरकारी नोकराचे म्हातारपण अनिश्चित करणे हे असू शकत नाही. जो स्वतः निश्चिंत नाही, त्याने लोकांच्या जमिनीच्या नोंदी निर्लोभपणे कराव्यात अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. सरकारने आधी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक नोकराला, जुन्या योजनेतला असो वा नव्या, दरवर्षी एका पानावर त्याच्या भाषेत लिहून द्यावे: आजवरची तुझी सेवा इतकी धरली आहे, त्यात या त्रुटी आहेत, निवृत्तीनंतर अंदाजे इतके मिळेल. आणि निवृत्तीच्या दिवशी त्याला हारतुऱ्यांबरोबर पेन्शनचा आदेशही हाती द्यावा. निवृत्तीची तारीख जन्मतारखेपासून ठरलेली असते. ती अकस्मात उगवत नाही. तरीही कागद अपुरे म्हणून माणसे महिनोन्‌महिने खेटे घालताना दिसतात, याला निष्काळजीपणाखेरीज दुसरे नाव नाही.

परंतु नोकरानेही केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला निघणाऱ्याला पाणी मिळत नाही. आमचे सांगणे असे, की सेवापुस्तक दरवर्षी एकदा स्वतः पाहावे. जन्मतारीख, स्थायी झाल्याचा आदेश, बदलीच्या नोंदी, बिनपगारी रजा, निलंबन झाले असल्यास त्याचा पुढे काय निर्णय झाला याची नोंद, वार्षिक पडताळणीची सही, हे सर्व त्यात आहे की नाही हे तपासावे. वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली बिनपगारी रजा सेवेत धरली न जाण्याचा धोका असतो, हे चाळिशीत कळले तर उपाय करता येतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो देणारा अधिकारीही उरलेला नसतो. ज्या कचेरीत आपण वीस वर्षांपूर्वी होतो तेथील नोंद मागायला आज जाणे सोपे आहे. निवृत्तीनंतर तेथे आपल्याला ओळखणारा शिपाईही सापडत नाही. सरकारी घर असेल तर त्याचे ना-देय प्रमाणपत्र, अग्रिमे घेतली असतील तर त्यांचा हिशेब, ही कामे शेवटच्या वर्षावर टाकू नयेत.

दुसरी गोष्ट अंशराशीकरणाची. जुन्या पेन्शनीतील चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. साठ हजार मूळ वेतनावर तीस हजार पेन्शन धरली, तर बारा हजार विकता येतात. केंद्राच्या कोष्टकाप्रमाणे साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला त्यापोटी सुमारे अकरा लाख ऐंशी हजार मिळतात, आणि पंधरा वर्षांत त्याच्या पेन्शनीतून एकवीस लाख साठ हजार कापले जातात. घराचे महागडे कर्ज फेडायचे असेल तर हा व्यवहार शहाणपणाचा ठरतो. ‘सगळेच घेतात म्हणून’ घेतला तर नव्हे. ही रक्कम आणि उपदान हाती पडले, की असतील शिते तर जमतील भुते या न्यायाने भाऊबंद, जावई, दामदुपटीची आमिषे दाखवणारे दलाल दारात उभे राहतात. अशा वेळी पहिले सहा महिने पैसे बँकेतून हलवायचे नाहीत एवढा एकच नियम पाळला, तरी पुष्कळ घरे वाचतील.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरच्या माणसाची. पेन्शनचे सर्व ज्ञान बहुधा नोकरी केलेल्याच्या डोक्यात असते. पत्नीला केवळ पासबुकातला आकडा ठाऊक असतो. तो गेला म्हणजे त्या बाईला एकाच वेळी दुःख आणि कागद यांना सामोरे जावे लागते. कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के असते. निवृत्तीनंतर लवकर मृत्यू आल्यास काही वर्षे ते वाढीव दराने मिळते. पण सेवापुस्तकात तिचे माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे, जन्मतारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी, नामनिर्देशनात अजून स्वर्गवासी आईचे नाव, अशा क्षुल्लक विसंगतींनी तिचा हक्क अडून पडतो. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलण्याची रीत असल्याने हा घोळ घरोघर आहे. नव्या योजनेतील नोकराने तर सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंबाला कोणत्या नियमांनी लाभ मिळावा याचा पर्यायही भरून ठेवायचा असतो. प्रत्येक सरकारी नोकराने एका रविवारी पत्नीला शेजारी बसवून सर्व कागद एका पिशवीत घालावेत आणि कोणाकडे जायचे ते लिहून ठेवावे. हे बोलणे अशुभ मानण्याचे कारण नाही. विमा उतरवताना आपण ते अशुभ मानीत नाही.

आणि शेवटी एक गोष्ट पैशापलीकडची. आमच्याच किनाऱ्यावरचे, रत्नागिरीजवळच्या गोविल गावचे गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यास सयाजीरावांच्या नोकरीत गेले आणि तेथे त्यांनी सुमारे पस्तीस वर्षांहून अधिक काळ काढला. १९२५ साली, साठीच्या उंबरठ्यावर, ते निवृत्त होऊन कामशेतला आले. इतर कोणी तेथे तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालीत उरलेले दिवस काढले असते. सरदेशांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले, ऐंशी ओलांडल्यावर मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला आणि १९५९ साली, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, जगाचा निरोप घेतला. सर्वांना रियासतकार होता येणार नाही. पण साठीनंतरचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असू शकते, त्याला पैशाची जशी तरतूद लागते तशीच कामाचीही लागते, हे त्यांच्याकडून शिकता येईल. निवृत्तीनंतरच्या स्वस्थपणात जे काम होते, ते पोटाची भ्रांत असलेल्याच्या हातून होत नाही, हेही सरकारने ध्यानात घ्यावे.

न्यायालयाने हक्क दिला, सरकारने तो अर्धामुर्धा काढून घेतला आणि आता पुन्हा थोडाथोडा परत करीत आहे. ही ओढाताण चालूच राहील आणि संघटनांनी ती चालवावीच. मात्र जो तरुण या वर्षी करजणच्या कचेरीत किंवा पर्वरीच्या सचिवालयात पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही करील, त्याने त्याच आठवड्यात आपले सेवापुस्तक उघडले की नाही, नामनिर्देशनाचा कागद भरला की नाही, हे पाहायला कोणताही संप उपयोगी पडणार नाही. ते त्याचे त्यालाच करावे लागेल.